स्नायू किती वाढायचा हे कोण ठरवतं? गाय, डुक्कर, मेंढी आणि कोंबडी यांच्यावरचं संशोधन

सूक्ष्मदर्शी

१९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सी-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांच्या गटाने उंदरातलं एक जनुक बंद केलं. त्या उंदरांचे स्नायू नेहमीच्या दुपटी-तिपटीने भरले. या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याचं नाव मायोस्टॅटिन. स्नायू ते स्वतःच तयार करतो आणि त्याने स्वतःच्याच वाढीला लगाम घालतो.

ही बातमी उंदरांची म्हणून गाजली. मला मात्र त्याच वर्षी पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. बेल्जियन ब्लू जातीची गुरं आणि इटलीतली पिएडमाँटीज जात अंगाने इतकी पिळदार असते की कातडीखालचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो. अशा गुरांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतात. १९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी त्यांचं मायोस्टॅटिन जनुक तपासलं आणि त्यात बिघाड सापडला. बेल्जियन ब्लूमध्ये त्या जनुकातली डीएनएची ११ अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं. पिएडमाँटीजमध्ये फक्त एक अक्षर बदललंय. त्याने प्रथिनात सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जागी टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं आणि प्रथिनाची घडी बिघडते. बिघाड निरनिराळे, परिणाम एकच.

म्हणजे प्रयोगशाळेने जे जनुक उंदरात मुद्दाम तोडलं, ते गुरांमध्ये आपोआप तुटलेलं होतं आणि पशुपालकांनी जनुक हा शब्द ऐकण्याआधीपासून ती गुरं निवडून वाढवली होती. शेतीतल्या जनावरांचा अभ्यास का करायचा, याचं माझ्या मते हेच सर्वात भक्कम उत्तर आहे. नजरेने निवड करत करत माणसाने कितीतरी पिढ्या एक प्रचंड प्रयोग चालवला, आणि त्याचे निकाल आज गोठ्यांत आणि कळपांत जिवंत उभे आहेत.

टेक्सेल मेंढीचं उदाहरण तर फार देखणं आहे. तिचेही स्नायू भरदार, पण मायोस्टॅटिन प्रथिनाची रचना अगदी ठीक. २००६ मध्ये कळलं की बदल जनुकाच्या शेपटीकडच्या भागात आहे, जिथून प्रथिन बनतच नाही. त्या एका अक्षराच्या फरकाने तिथे मायक्रो-आरएनए, म्हणजे प्रथिननिर्मिती दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे, चिकटायला जागा तयार होते. स्नायूत नेमके तेच मायक्रो-आरएनए भरपूर असतात. ते चिकटले की प्रथिन कमी बनतं. जनुकाच्या 'निरुपयोगी' भागात बदल होऊनही शरीराचा आकार बदलतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं त्या काळी मोजकीच होती.

डुकरांमध्ये वेगळीच कथा. आयजीएफ-२ हे वाढीला चालना देणारं प्रथिन. २००३ मध्ये स्वीडनमधल्या लेफ अँडरसन यांच्या आणि बेल्जियममधल्या मिशेल जॉर्जेस यांच्या गटांनी मिळून दाखवलं की या जनुकाच्या आतल्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात एक अक्षर बदलल्याने जन्मानंतर स्नायूंमध्ये त्याचं उत्पादन कितीतरी वाढतं आणि डुक्कर जास्त मांसल होतं. पुढे २००९ मध्ये त्या जागी बसून उत्पादन दाबणारं प्रथिनही सापडलं. ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं. डुकराच्या मांसाचा अभ्यास करता करता सस्तन प्राण्यांतला एक नवा नियंत्रक हाती लागला.

आपल्याकडे या विषयावर लिहिलं जातं ते बहुतेक व्यायाम आणि प्रोटीन पावडरपुरतं. तो भाग मोठ्या गोष्टीचा छोटा कोपरा आहे. प्रश्न असतील तर विचारा, जाणकारांनी भर घाला.

रोजचा व्यायाम

लेख आवडला. सरळ प्रश्न विचारतो. मायोस्टॅटिन अडवणारं औषध घेतलं तर माणसाची ताकद वाढेल का? वय झालेल्या लोकांचे स्नायू झिजतात, त्यांच्यासाठी तरी?

दुसरं, ल्युसिन हे अमिनो आम्ल. व्यायामशाळेत सगळे म्हणतात की स्नायू बनवायचं बटण म्हणजे ल्युसिन. यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

आकार आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचा स्नायू मोठा असतो, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या स्नायूशी तुलना केली तर तो कमी जोर लावतो. २००७ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं. माणसांवरही चाचण्या झाल्या. स्नायू क्षीण होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या प्रौढांना मायोस्टॅटिन अडवणारी अँटीबॉडी देऊन पाहिली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. औषध सुरक्षित होतं, ताकद मात्र वाढली नाही. त्यानंतर आणखी काही औषधं आली, काही अर्ध्यावर थांबली, काहींवर काम चालू आहे. सध्या वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांबरोबर ती देऊन स्नायूंची झीज रोखता येईल का, हे तपासलं जातंय. बेल्जियन ब्लूकडे बघून माणसातही तसंच होईल असं गृहीत धरणं चुकीचं आहे. त्या बैलात लगाम गर्भापासूनच नव्हता, त्यामुळे त्याच्या स्नायूत तंतूंची संख्याच जास्त आहे. प्रौढ माणसात लगाम सोडला तर आहेत तेच तंतू जाड होतील, नवे येणार नाहीत.

ल्युसिनबद्दलची सर्वात काटेकोर माहिती नवजात डुकरांच्या पिलांकडून आली आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात टेरेसा डेव्हिस यांच्या गटाने अनेक वर्षं यावर काम केलं. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात पिलाच्या स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग प्रचंड असतो आणि चार आठवड्यांत तो झपाट्याने उतरतो. दूध पोटात गेलं की इन्सुलिन आणि अमिनो आम्लं दोन्ही रक्तात वाढतात. त्या दोघांचे निरोप पेशीतल्या एमटॉर नावाच्या केंद्राशी पोचतात आणि तिथून प्रथिनं बनवायचा हुकूम सुटतो. ल्युसिन एकट्यानेही हा हुकूम सोडू शकतं, ही गोष्ट खरी.

पण पुढचं व्यायामशाळेत कुणी सांगत नाही. पिलांना एकटं ल्युसिन काही तास देत राहिलं तर रक्तातली बाकीची अमिनो आम्लं खाली येतात आणि प्रथिननिर्मिती परत मंदावते. ती अमिनो आम्लं सोबत भरून दिली तर वेग टिकतो. हुकूम कितीही जोरात सुटला तरी माल नसेल तर काम अडतं.

याच पिलांवर आणखी एक गोष्ट तपासली गेली. नळीने सतत थेंब थेंब दूध द्यायचं, की तेवढंच दूध ठरावीक अंतराने एकदम द्यायचं? ठरावीक अंतराने दिलं तर स्नायूत जास्त प्रथिनं बनली. हा प्रश्न डुकरांच्या वाढीपुरता नव्हता. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, नळीने दूध घेणाऱ्या बाळांसाठी तो विचारला गेला होता. इतक्या लहान बाळाच्या स्नायूचा तुकडा काढून बघणं शक्य नसतं. पिलाची पचनसंस्था आणि चयापचय माणसाच्या बाळाच्या बरंच जवळ जातं, म्हणून ते काम त्यांच्यावर झालं.

पशुवैद्य

सूक्ष्मदर्शींनी तंतूंच्या संख्येचा उल्लेख केला, त्यात थोडी भर घालतो, कारण सगळा विषय तिथून उलगडतो.

बहुतेक सस्तन प्राण्यांत स्नायूतंतूंची संख्या जन्माच्या सुमारास ठरून जाते. पुढची वाढ म्हणजे आहे त्या तंतूची लांबी-जाडी वाढणं. डुकरांमध्ये गर्भात तंतूंच्या दोन लाटा येतात. पहिली लाट बहुतांशी आनुवंशिकतेवर चालते. दुसरी मात्र गर्भाला अन्न किती मिळतं यावर अवलंबून असते. एका वेतात दहा-बारा पिलं असली की एखादं गर्भाशयात अन्नाला कमी पडतं आणि किरकोळ जन्मतं. त्याच्या स्नायूत तंतूच कमी असतात. नंतर कितीही चारलं तरी ते भावंडांच्या बरोबरीला येत नाही, चरबी मात्र जास्त धरतं. कमी वजनाच्या बाळांच्या पुढच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या डॉक्टरांना ही पिलं म्हणूनच महत्त्वाची वाटतात.

आता दुसरी बाजू. बेल्जियन ब्लूचं कौतुक करताना तिच्या गाईचं काय होतं हेही लिहायला हवं. वासरू रुंद, गाईचा जननमार्ग अरुंद. या जातीत सिझेरियन हा अपवाद उरलेला नाही, बहुसंख्य वासरं पोट फाडूनच काढावी लागतात. काही वासरांची जीभ इतकी जाड असते की त्यांना नीट दूध पिता येत नाही. शरीराच्या मानाने हृदय आणि फुप्फुसं लहान पडतात. स्नायू वाढला म्हणून बाकीचं शरीर त्याच्यामागे धावत जात नाही.

प्रश्नांकित

तुम्ही सगळे म्हणता 'वेग वाढला', 'वेग मंदावला'. जिवंत प्राण्याच्या स्नायूत प्रथिनं किती बनली आणि किती मोडली, हे मोजतात तरी कसं? आणि हे सगळं काचेच्या बशीत पेशी वाढवून करता येत नाही का?

सूक्ष्मदर्शी

मोजण्याची गोष्ट मला मनापासून आवडते.

बनण्याचा वेग मोजायला खूण केलेलं अमिनो आम्ल वापरतात. त्यात साध्या कार्बनच्या किंवा हायड्रोजनच्या जागी जड, किरणोत्सर्ग न करणारा अणू असतो. ते रक्तात सोडायचं, ठरावीक वेळाने स्नायूचा कणभर तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या प्रथिनांत जड अणू किती शिरले ते पाहायचं. या पद्धतीचं मूळ १९३० च्या दशकात रुडॉल्फ शोएनहायमर यांच्या कामात आहे. शरीर ही ठाम रचना नाही, तिच्यातली प्रथिनं सतत मोडतात आणि नव्याने बनतात, हे त्यांनी दाखवलं. वाढत्या जनावरात स्नायू रोज जेवढं प्रथिन बनवतो त्याचा बराचसा वाटा मोडण्यातच जातो. वाढ म्हणजे या दोहोंतली तफावत. म्हणून मोडणं थोडं कमी झालं तरी वाढ होते.

मोडण्याचं मोजमाप अवघड. त्यासाठी एक युक्ती निघाली. ॲक्टिन आणि मायोसिन ही स्नायूतली मुख्य प्रथिनं बनून झाल्यावर त्यांच्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला काही ठिकाणी मिथाइल गट जोडला जातो. प्रथिन मोडलं की हे ३-मिथाइलहिस्टिडिन सुटं होतं. ते नव्या प्रथिनात परत वापरता येत नाही, म्हणून लघवीवाटे जातं. लघवीत किती आलं यावरून स्नायू किती मोडला याचा अंदाज बांधता येतो. माणूस, उंदीर, गाय यांच्यात ही पद्धत चालते. मेंढीत आणि डुकरात चालत नाही! डुकराचा स्नायू ते एका लहान संयुगात अडकवून ठेवतो, मेंढीतही ते पूर्णपणे बाहेर पडत नाही. एका प्राण्यावरची पद्धत दुसऱ्यावर डोळे झाकून वापरली तर आकडे सुंदर येतात आणि निष्कर्ष साफ चुकतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

आता बशीतल्या पेशी. त्याही मुळात शेतातल्या प्राण्यांकडूनच आल्या. १९६३ मध्ये इर्विन कोनिग्सबर्ग यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पायातून एकेक पेशी वेगळी केली आणि तिला वाढू दिलं. एकाच पेशीपासून वसाहत झाली, त्या पेशी एकमेकींत मिसळल्या आणि अनेक केंद्रकं असलेला, आकुंचन पावणारा तंतू तयार झाला. स्नायूतंतूत इतकी केंद्रकं कुठून येतात यावर तोवर वाद होता.

कोंबडी आणि लाव्याच्या अंड्यांवरचं कामही विसरता येणार नाही. लाव्याच्या पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीपेक्षा वेगळं दिसतं, हे फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये ओळखलं. मग कोंबडीच्या गर्भातला पाठीच्या कण्यालगतचा एक ठोकळा काढून तिथे लाव्याचा बसवायचा आणि पेशी कुठे जातात ते पाहायचं. या पद्धतीने सत्तरच्या दशकात कळलं की पंखाचा आणि पायाचा स्नायू त्या अवयवात जन्मतच नाही. त्याच्या पेशी कण्याजवळून निघून तिथवर चालत जातात. हाड आणि स्नायूबंध मात्र तिथलेच. बशीत हे कधीच दिसलं नसतं, कारण बशीत जायला जागाच नसते.

आणि बशीचा एक धोकाही सांगतो. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा बशीत ठेवला. त्यापासूनची वाढ ३४ वर्षं चालू असल्याचं सांगितलं गेलं. पेशी अमर असतात असं जगाने मानलं. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात हे दाखवल्यावर ती समजूत कोसळली. कॅरेल यांच्या पेशींना कोंबडीच्या गर्भाचा रस खाद्य म्हणून घातला जायचा. त्यातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असं आज बहुतेक जण मानतात.

भूलतज्ज्ञ

मी माणसांचा डॉक्टर, पण माझ्या कामातला एक मोठा धडा डुकरांनी दिलेला आहे.

१९६० मध्ये ऑस्ट्रेलियातून एका कुटुंबाची नोंद आली. भूल दिल्यावर त्या घरातले कितीतरी जण दगावले होते. अंग ताठ होतं, ताप भराभर चढतो, रक्त आम्लधर्मी होतं. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. त्याच सुमारास मांसल डुकरांच्या जातींत, विशेषतः पिएत्रेन जातीत, वेगळीच तक्रार होती. गाडीत चढवताना किंवा नुसतं पळवलं तरी काही डुकरं ताठ होऊन मरायची. त्यांना हॅलोथेन हे भुलीचं औषध हुंगवलं की तीच लक्षणं दिसायची.

१९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन यांनी अशा डुकरांना डँट्रोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देऊन वाचवलं. त्यानंतर ते माणसांसाठी आलं. पूर्वी या त्रासात दहांतले सात-आठ रुग्ण जायचे. आज वेळेत ओळखून औषध दिलं तर बहुतेक वाचतात. १९९१ मध्ये टोरोंटोतल्या गटाने डुकरांतलं कारणही शोधलं. स्नायूपेशीत कॅल्शियम सोडणाऱ्या दाराच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. दार गळकं, कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू आकुंचन पावत राहतो, ऊर्जा जळते आणि उष्णता साठत जाते. त्याच जागी तोच बदल पुढे माणसांच्या काही कुटुंबांतही सापडला.

आम्ही भूल देण्याआधी 'घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?' असं विचारतो ते यासाठी. कृपया या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नका. घरी विचारून सांगा.

पशुवैद्य

त्या डुकरांबद्दल एक जोडतो. ती जगली तरी कत्तलीनंतर मांस फिकट, मऊ आणि पाणी सोडणारं निघायचं. शरीर गरम असतानाच आम्ल झपाट्याने वाढतं आणि त्यात प्रथिनं खराब होतात. तरीही तो दोष कळपांत पसरला, कारण त्याच जनुकामुळे डुक्कर कमी चरबीचं आणि मांसल दिसायचं. निवड करणाऱ्यांनी दोषच निवडला. जनुकचाचणी आल्यावर तो काढून टाकणं सोपं झालं.

सावली

मी शास्त्राची अभ्यासक नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. पोट फाडून जन्मणारी वासरं, भीतीने मरणारी डुकरं, अंड्यातले गर्भ. 'प्रयोगाचे निकाल जिवंत उभे आहेत' हे वाक्य वाचून मला अस्वस्थ वाटलं. त्या निकालांना वेदना होतात. ज्ञान मिळालं म्हणून हे सगळं योग्य ठरतं का?

सूक्ष्मदर्शी

सावली, नाही ठरत. तुमचा प्रश्न या विषयाच्या आतला आहे, त्याला बाहेर ठेवून संशोधन नीट होऊच शकत नाही.

कोंबडीचं बघा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ पासून आणि १९७८ पासून न बदलता जपलेले कोंबड्यांचे दोन वंश आहेत. ते आणि २००५ सालची व्यापारी जात एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीने वाढवली. ५६ व्या दिवशी सरासरी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच असल्याने हा फरक आनुवंशिक निवडीचा. आणि आजच्या जड कोंबड्यांत छातीचा स्नायू लाकडासारखा कडक होण्याचा विकार आढळतो. तंतू मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊतक भरतं. इतक्या वेगाने जाड होणाऱ्या स्नायूला रक्तवाहिन्या पुऱ्या पडत नाहीत, हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं. हा विकार वाढीच्या वेगाचाच भाग आहे, आणि 'वजन इतकं वाढलं' असं छापताना तो त्याच तक्त्यात छापला गेला पाहिजे. २०१५ मध्ये मायोस्टॅटिन जनुक बिघडवून मांसल डुकरं तयार केल्याची बातमी आली, तेव्हा त्यातली बरीच पिलं जगली नाहीत, ही गोष्ट मथळ्यात नव्हती. मला त्याचा राग येतो.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन अपेक्षा मांडल्या. पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नका, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना होणारा त्रास कमी करा. शेतीतल्या जनावरांत मी चौथी जोडेन. जे जनावर बाजारासाठी आधीच त्रास भोगतंय, त्याच्यावरचं संशोधन तो त्रास कमी करण्यासाठीही वापरलं गेलं पाहिजे. डुकरांतलं ते जनुक काढून टाकणं हे त्याचं चांगलं उदाहरण.

प्रश्नांकित

मेंढ्यांत मागच्या बाजूनेच मांसल होणारा एक प्रकार असतो असं वाचलं होतं. तोही मायोस्टॅटिनमुळेच?

पशुवैद्य

नाही, तो कॅलिपाइज. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एका मेंढ्यात पहिल्यांदा दिसला. कोकरू जन्मताना साधंच असतं, काही आठवड्यांनी मागचे स्नायू फुगायला लागतात. त्यामुळे प्रसूतीला त्रास नाही. बदल एकाच अक्षराचा, पण वारशाचा नियम विलक्षण. बापाकडून आला आणि आईकडून साधं जनुक आलं तरच स्नायू वाढतात. आईकडून आला तर नाही, आणि दोघांकडून आला तरीही नाही! मेंडेलचा कुठलाच साधा नियम इथे लागू पडत नाही.

मात्र मांस चिवट. कत्तलीनंतर कॅल्पेन नावाची विकरं प्रथिनं तोडून मांस मऊ करतात. या मेंढ्यांत कॅल्पेनला अडवणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं. जिवंतपणी प्रथिनं कमी मोडतात हे वाढीला पूरक, तेच नंतर आड येतं.

सावली

सूक्ष्मदर्शी, उत्तराबद्दल आभार. बशीत मांस वाढवतात म्हणे आता. मग तरी जनावरं सुटतील का?

सूक्ष्मदर्शी

वाट निघाली आहे, पण लांबची आहे. १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना बेडकाच्या स्नायूत तंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या लहान पेशी दिसल्या, त्या सॅटेलाइट पेशी. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतू दुरुस्त करतात. मार्क पोस्ट यांनी गाईच्या अशाच पेशी वाढवून २०१३ मध्ये लंडनमध्ये पहिला बर्गर सादर केला. २०२० मध्ये सिंगापूरने अशा कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली.

अडचण खाद्याची होती. पेशी वाढवायला गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, लागायचं, आणि ते कत्तल झालेल्या गाभण गाईंच्या पोटातल्या गर्भांकडून येतं. म्हणजे जनावर सुटलंच नव्हतं. आता सीरमशिवाय वाढवण्याचे मार्ग निघाले आहेत. २०२२ मध्ये पोस्ट यांच्याच कंपनीच्या गटाने सीरम अजिबात न वापरता गाईच्या सॅटेलाइट पेशींपासून तंतू बनवण्याची कृती खुली प्रसिद्ध केली.

उरलेली गाठ पेशींच्या वयाची. सॅटेलाइट पेशी विभागत गेल्या की तंतू बनवण्याची त्यांची क्षमता हळूहळू ओसरते. काही संशोधकांनी जनुकांत बदल करून ही मर्यादा ओलांडून दाखवली आहे, पण अशा पेशी खाण्यासाठी स्वीकारायच्या का हे प्रत्येक देशाच्या नियामकांना वेगळं ठरवावं लागेल. तसं ज्यांना करायचं नाही, त्यांना ठरावीक काळाने जिवंत गाईच्या स्नायूतून, जागा बधिर करून, नवा लहानसा तुकडा घ्यावा लागतो. गाय त्यानंतर चरायला जाते.